चौकटीखाली बेनचे नाव

बेन कुठलीही गोष्ट स्वतःच्या शब्दांत शोधत नसत. ऑफिसातला पंखा बिघडला तर त्या मोबाइलवर ‘पंखा दुरुस्ती’ असे टाकत नसत. आधी खालच्या स्टेशनरीच्या दुकानदाराला विचारत, “तमे शुं लखो?”, म्हणजे तुम्ही काय लिहाल? मग कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला, मग जिन्यात भेटेल त्याला. दुकानदार म्हणे, ‘पंखो अवाज करे छे’ असे लिहीन. रिक्षावाला म्हणे, ‘पंखा धीरे चलता है’. बेन दोन्ही लक्षात ठेवत आणि वर येऊन सांगत, “बघा, पंखा दुरुस्त करायचाय असं कोणाच्या मनात येतच नाही. ज्याला जो त्रास होतो तो तेवढाच लिहितो.” लोकांच्या वेबसाइटी सर्चमध्ये वर आणणे हा त्यांचा धंदा होता आणि तो त्यांनी अशा चौकश्यांवर उभा केला होता.

ऑफिस निजामपुऱ्यात होते. दोन खोल्या, चार टेबले. बेन मूळच्या मराठी, बडोद्यातच जन्मलेल्या; पण शहरात बाईला बेन म्हणतात तसे त्यांनाही सगळे बेनच म्हणत आणि मराठी गिऱ्हाईकही ‘ताई’ म्हणता म्हणता बेनवर येई. आधी त्या शाळेत हिंदी शिकवत. मी एका दैनिकाच्या उपसंपादकाच्या खुर्चीवरून त्यांच्याकडे मजकूर लिहायला गेलो, तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. “पेपरवाले, हा मथळा छान आहे. घरी नेऊन भिंतीला लावा. इथे उत्तर लिहा.” हे त्यांचे पहिल्या आठवड्यातले वाक्य.

मजकूर तयार झाला की बेन तो मोठ्याने वाचत. शाळेतली सवय. वाचताना जिथे जीभ अडखळे तिथे त्या थांबत आणि वाक्य बदलायला लावत. मोठ्याने वाचून जे नीट वाटते ते माणसाने लिहिलेले, आणि माणसाने लिहिलेलेच वर टिकते, असा त्यांचा हिशेब होता. तो बहुतेक वेळा बरोबर निघे. कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाकतात ते शब्द, पुरेसे आले का, वाक्ये लहान आहेत का, पहिल्या दोन ओळींत उत्तर आहे का, एवढे त्या कानाने तपासत. उत्तर खरे आहे का, हे कानाला कळत नाही. ही गोष्ट त्या ऑफिसात कोणी कधी बोलून दाखवली नव्हती.

आमच्या गिऱ्हाइकांत मांजलपूरचे परेशभाई होते. कारखान्यांना हातमोजे, गॉगल, मास्क पुरवणारे. मी येण्यापूर्वी बेन त्यांच्या कामासाठी नंदेसरीला, रसायनांच्या कारखान्यांच्या वसाहतीत, जाऊन आल्या होत्या. तिथल्या चहाच्या टपरीवर त्यांनी पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगारांना विचारले होते, की अंगावर ऍसिड पडले तर मोबाइलवर काय टाकाल. जवळपास सगळ्यांनी एकच सांगितले: ‘ऍसिड गिर गया क्या लगाए’. बेनने हे शब्द जसेच्या तसे बाहेरच्या एका लिहिणाऱ्याला पाठवले. प्रश्न होता काय लावायचे, म्हणून त्याने काय लावायचे ते लिहिले: खाण्याचा सोडा किंवा चुना पाण्यात कालवून जखमेवर लेप द्यावा. बेनने ते मोठ्याने वाचले. कुठेच अडखळले नाही. पान परेशभाईंच्या वेबसाइटवर चढले.

पुढचे काम नेहमीचे. तोच मजकूर थोडा इकडेतिकडे करून आम्ही लहानसहान वेबसाइटींना पाहुणा लेख म्हणून द्यायचो आणि प्रत्येक लेखातून परेशभाईंच्या पानाकडे लिंक यायची. अशा लिंका जमल्या की पान वर सरकते. ते सरकत सरकत पहिले आले, आणि नंतर पहिल्याच्याही वर, त्या चौकटीत. सर्च केल्यावर सगळ्यांत वर एक चौकट दिसते. एखाद्या पानातली दोन-तीन वाक्ये तिथे मोठ्या अक्षरांत उत्तर म्हणून येतात. लोक चौकट वाचतात आणि खाली उतरत नाहीत. आमच्या धंद्यात त्याहून वरची जागा नाही. त्या दिवशी बेनने सगळ्यांना सेव-उसळ खाऊ घातली होती, असे मला नंतर कळले.

फोन सकाळी आला. पानाच्या तळाशी चौकशीसाठी म्हणून ऑफिसचा नंबर होता. बेनने उचलला, “बोला ने,” म्हणाल्या आणि ऐकू लागल्या. नंदेसरीकडच्या एका कारखान्याच्या दवाखान्यातून डॉक्टरबाई बोलत होत्या. बेनने मध्येच फोन स्पीकरवर टाकला. माझ्यासाठी की स्वतःला एकटीने ऐकवेना म्हणून, ते मला माहीत नाही.

“माझ्यासमोर एक कामगार आहे,” डॉक्टरबाई हिंदीत सांगत होत्या. “उजव्या हातावर ऍसिड. नळ चार पावलांवर होता. हे लोक कँटीनमध्ये सोडा शोधत फिरले. मग लेप लावून माझ्याकडे आणला. मी विचारलं, कोणी सांगितलं? त्याने मोबाइल दाखवला. वर तुमचं पान आहे.”

“हात कसा आहे?” बेन.

“हाताचं मी बघते आहे. सोड्याने ऍसिडबरोबर आणखी गरम होतं, आणि मुख्य म्हणजे वेळ जातो. आधी पाणी, वाहतं, भरपूर. दुसरं काही नाही. हे पान आत्ता कोण कोण वाचत असेल, ते तुम्ही बघा.”

बेनने फोन ठेवला नाही, डॉक्टरबाईंनीच ठेवला.

पुढच्या काही मिनिटांत बेनने पान बदलले. सोडा, चुना, लेप, सगळे काढले. ‘क्या लगाए’ हेही काढले. त्या जागी लिहिले की ऍसिड पडल्यास त्वरित वाहत्या पाण्याने धुवावे. सर्चच्या यंत्रणेला पान पुन्हा वाचून जाण्याची विनंती पाठवली. चौकटीत मात्र जुनीच वाक्ये दिसत होती. यंत्रणा येऊन वाचेपर्यंत ती दिसत राहणार होती, आणि ती कधी येईल हे कोणाच्या हातात नव्हते. तोवर आम्ही पाहुण्या लेखांच्या मागे लागलो. काहींनी लगेच लेख काढला. एकाने विचारले, “लेख तर छान चालतोय, काढायचा कशाला?” बेन म्हणाल्या, “काढा. कारण नंतर सांगते, तुम्हाला बसवून सांगते.” एक वेबसाइट मात्र बेवारस निघाली. चालवणाऱ्याने ती केव्हाच सोडून दिली होती. नंबर बंद, मेल परत. सर्चच्या यादीत ती आमच्या पानाखालोखाल, दुसरी होती.

दुपारी चौकट बदलली. मी आधी पाहिले आणि बेनला बोलावले. यंत्रणेने आमचे सुधारलेले पान वाचले होते. त्यात ‘क्या लगाए’चे उत्तर नव्हते, म्हणून आमचे पान चौकटीतून काढून तिथे दुसऱ्या नंबरच्या बेवारस पानातली वाक्ये घातली होती. सोडा, चुना, लेप. आमचेच शब्द. फरक इतकाच, की आता ते आम्हाला बदलता येत नव्हते.

बेन खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. मग म्हणाल्या, “मी उत्तराबरोबर प्रश्नही काढून टाकला. पेपरवाले, त्यांचा प्रश्न चुकीचा आहे, पण ते तोच विचारणार. तो तसाच राहू दे.” आणि त्यांनी मथळा परत लिहिला: ‘ऍसिड गिर गया, क्या लगाए?’ खाली पहिले वाक्य: ‘कुछ मत लगाइए. सीधे नल के नीचे.’ या वेळी त्यांनी मोठ्याने वाचले नाही. जतन करण्याचे बटण दाबले तर पडद्यावर पासवर्ड चुकीचा असल्याची सूचना आली.

परेशभाईंना सकाळीच बेनने स्वतः फोन करून सगळे सांगितले होते. लपवायचे त्यांना सुचले नसते. परेशभाईंनी तेव्हा फक्त “हं, हं” केले होते. दुपारी त्यांनी पान पूर्ण काढून टाकले आणि पासवर्ड बदलला. फोनवर ते एवढेच म्हणाले, “बेन, आ पानुं मारे जोईए ज नहीं.” हे पान मला नकोच. आणि फोन बंद झाला.

त्यांचे वागणे समजण्यासारखे होते. पण पहिले पान गेले की दुसरे पहिले होते, आणि आमच्या नशिबी दुसरे कोणते होते ते वर आलेच आहे. आता उपाय एकच उरला होता. जुन्या पानाच्या पत्त्याला वर्षानुवर्षे लिंका येत होत्या. त्या पत्त्यावर येणाऱ्याला परस्पर दुसऱ्या पत्त्याकडे वळवले, तर जुन्या पानाचे वजन नव्या पानाला मिळते. याला रीडायरेक्ट म्हणतात. पण पान नाहीसे झाल्याची नोंद यंत्रणेने घेण्याआधी हे करावे लागते, आणि ते फक्त परेशभाईंच्या वेबसाइटवरून करता येत होते.

बेनने स्कूटर काढली. मी मागे बसलो. निजामपुऱ्याहून मांजलपूर म्हणजे शहराचे एक टोक ते दुसरे. त्यांनी फतेगंज ओलांडले. मग मान न वळवता विचारले, “काय दिसतंय?”

मी मोबाइलवर पाहिले. “अजून आपलंच.”

“आपलं म्हणजे कुठलं?”

“चुन्याचं.”

लालबागच्या पुलावर गर्दी होती. बेन कधी हॉर्न वाजवत नसत. त्या दिवशी वाजवत होत्या. “नंदेसरीत पाळी कधी बदलते?” त्यांनी विचारले. मी म्हटले, प्रत्येक कारखान्याची वेगळी. “म्हणजे सारखीच बदलत असणार,” त्या म्हणाल्या.

परेशभाई गोदामात होते. चारी बाजूंना हातमोज्यांची खोकी. त्यांनी आम्हाला बसा म्हटले नाही, पण पाणी मागवले. बेन उभ्यानेच बोलल्या. पान नको तर नको, पण पत्ता द्या. जुन्या पत्त्यावरून लोकांना मी दुसरीकडे पाठवते, तुमच्या दुकानाचे नाव तिथे नसेल. परेशभाई गुजरातीत बोलत होते. त्यांचे म्हणणे मराठीत देतो.

“उद्या त्या माणसाने केस केली तर?”

“तुमच्यावर नाही होणार. माझ्यावर होईल.”

“कशी होईल? तुमचं नाव कुठंय? पान माझं, दुकान माझं, फोटोत मोजे माझे. तुम्ही लोक सगळं लिहिता आणि खाली कोणाचंच नाव नसतं.”

हे खरे होते. वर्तमानपत्रात बातमीखाली नाव असते, नसले तरी पानाच्या तळाशी संपादकाचे असते. आमच्या पानांखाली ‘संपादकीय विभाग’ असे लिहिलेले असे, आणि असा विभाग कुठेच नव्हता.

“घालते,” बेन म्हणाल्या.

“काय?”

“नाव. माझं. फोन नंबरही माझाच, ऑफिसचा नाही.”

“पूर्ण नाव?”

“पूर्ण.”

परेशभाईंनी खुर्ची मागे सरकवली आणि संगणकासमोरची जागा बेनला दिली.

नवे पान बेनने आमच्या ऑफिसच्याच वेबसाइटवर उभे केले. ती वेबसाइट जुनी होती, यंत्रणेचा तिच्यावर भरवसा होता. ‘बडोद्यात वेबसाइट वर कोण आणतं’ असे कुठल्याही भाषेत विचारले तरी ती पहिली येई. आमची तेवढीच जाहिरात होती. मजकूर प्रसिद्ध करण्याआधी बेनने गोदामातूनच डॉक्टरबाईंना फोन लावला आणि एकेक वाक्य वाचून दाखवले. डॉक्टरबाईंनी भर घातली: कपडे, घड्याळ, अंगठी लगेच काढा, निदान वीस मिनिटे पाणी चालू ठेवा, डोळ्यांत गेले असेल तर डोळे उघडे धरून धुवा, मग लगेच दवाखाना. शेवटी म्हणाल्या, “बरोबर आहे. पण माझं नाव घालू नका. कंपनी परवानगी देणार नाही.”

“नाही घालत. माझं आहे,” बेन म्हणाल्या.

रीडायरेक्ट झाला. पण तेवढ्यावर पान वर येईल याची खात्री नव्हती. ऑफिसात परतल्यावर बेनने आमच्या उरलेल्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले: फरसाणवाले, शिकवणी वर्ग, लग्नाच्या साड्यांचे दुकान, फरशीवाले. आपापल्या पहिल्या पानावर एक ओळ लावा, ऍसिड पडले तर काय करायचे याची, आणि तिथून आमच्या पानाला लिंक द्या. एरवी अशी लिंक बेन कोणाला लावू देत नसत. विषयाशी संबंध नसलेल्या लिंका जमवल्या की यंत्रणेला संशय येतो आणि ती पान खाली ढकलते, हे त्यांनीच मला शिकवले होते. मी म्हटले, “बेन, साड्यांच्या पानावर ऍसिड?”

“लावा, पेपरवाले. नंतर जे व्हायचं ते आपलं होईल.”

साडीवाल्यांनी लावली. फरशीवाल्यांनी नाही म्हटले. शिकवणी वर्गाच्या सरांनी स्वतःहून वाक्य सोपे करून लावले.

मग वाट पाहणे होते. बेनने ऑफिसातल्या प्रत्येकाचा मोबाइल वापरला, खालच्या दुकानदाराचा वापरला, रिक्षावाल्याचा वापरला, कारण प्रत्येक मोबाइलवर निकाल थोडे निराळे दिसतात. ‘क्या लगाए’, ‘क्या लगाना चाहिए’, ‘जल गया ऍसिड से’. कधी चौकट दिसे, कधी नाहीशी होई, कधी चुन्यासकट परत येई. त्या डॉक्टरबाईंना फोन करून विचारत, “आज कोणी आलं?” दुसऱ्यांदा विचारल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, “तुम्ही विचारू नका. कोणी आलं तर मी फोन करीन.” त्यानंतर फोन वाजला की बेनचा हात आधी टेबलावर थांबे आणि मग फोनकडे जाई.

तिसऱ्या दिवशी रिक्षावाल्याने खालून हाक मारली. त्याच्या मोबाइलवर चौकट बदलली होती. ‘कुछ मत लगाइए. सीधे नल के नीचे.’ बेन खाली गेल्या, मोबाइल हातात घेतला, तेच शब्द पुन्हा टाकून पाहिले, मग वेगळे शब्द टाकून पाहिले. त्याला मोबाइल परत देऊन वर आल्या आणि म्हणाल्या, “त्या बेवारस पानावर नजर ठेवायची. ते अजून आहे.”

कामगाराच्या हातावर शस्त्रक्रिया झाली. दोन बोटे पूर्वीसारखी वळत नाहीत. यातले किती ऍसिडमुळे आणि किती उशिरामुळे, हे सांगता येत नाही, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या हे दिलासा म्हणून म्हणाल्या असाव्यात. बेन म्हणाल्या, “मी अर्धं धरते.” त्या त्याला भेटायला गेल्या होत्या. तिथे काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. केस झाली नाही.

त्या आठवड्यानंतर ऑफिसात एक रीत बदलली. मजकूर हातात आला की बेन पूर्वी वाचायला सुरुवात करत; आता आधी विचारत, “कोणाला विचारलंत?” मूळव्याधीवरचे पान असो की गॅसच्या शेगडीवरचे. नेटवर वाचले म्हटले की कागद परत. एकदा मी म्हणालो, “बेन, हे तर पेपरात करतात.” त्या म्हणाल्या, “करतात का? तुम्ही इतके दिवस सांगितलं नाहीत ते?” मजकुराचा वेग निम्म्यावर आला.

आणि जे व्हायचे होते ते झाले. साड्या, फरसाण, शिकवणी असल्या लिंका एका वेबसाइटकडे वळलेल्या पाहून यंत्रणेने आमच्या वेबसाइटबद्दलचे मत बदलले. ऍसिडचे पान टिकले, पण ‘बडोद्यात वेबसाइट वर कोण आणतं’ याच्या उत्तरात आम्ही दिसेनासे झालो. नव्या गिऱ्हाइकांचे फोन थांबले. मी सुचवले की ते पान उचलून स्वतंत्र वेबसाइटवर ठेवू, म्हणजे आपली वेबसाइट हळूहळू सावरेल. बेनने विचारले, “पान हलवलं की काही दिवस डगमगेल ने?”

“डगमगेल. थोडे दिवस.”

“मग त्या दिवसांत कोण शोधेल, ते मला आधी सांगा.”

तो विषय पुन्हा निघाला नाही. परेशभाई दुसऱ्या एजन्सीकडे गेले. फरशीवालेही गेले. एक टेबल रिकामे झाले, मग दुसरे. मला एका दैनिकाच्या वेबसाइटवर काम मिळाले आणि मी ते घेतले. बेन म्हणाल्या, “जा. तिथे खाली नाव असतं तुमचं.” हा टोमणा होता की आशीर्वाद, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

माझ्या शेवटच्या दिवशी दुपारी मी किल्ल्या परत करत होतो, तेव्हा बेनचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. असे फोन अधूनमधून येत. बहुतेक लोक मलम कुठले घ्यायचे ते विचारत. बेनने उचलला, दोन शब्द ऐकले आणि उभ्या राहिल्या.

“नल कहाँ है? पास में है? तो बात मत कीजिए, हाथ नीचे रखिए. फोन किसी और को दीजिए.”

पलीकडे कोणीतरी दुसरे आले. बेनने मोबाइल टेबलावर स्पीकरवर ठेवला आणि ऑफिसच्या फोनवरून डॉक्टरबाईंचा नंबर लावू लागल्या. स्पीकरमधून एक माणूस घाबऱ्या आवाजात काहीतरी विचारत होता, काही लावायचे का म्हणून. “कुछ नहीं लगाना,” बेन वळून म्हणाल्या. “घड़ी उतारी? उतारिए. पानी बंद मत करना. मैं हूँ इधर, मैं बोलूँगी तब बंद करना.”

मी किल्ल्या टेबलाच्या कडेला ठेवल्या. बेनने माझ्याकडे पाहिले, हाताने जा म्हणून खूण केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. स्पीकरमधून आता कोणी बोलत नव्हते, फक्त नळ सोडल्याचा आवाज येत होता. मी जिना उतरून खाली आलो तेव्हाही वर पाणी चालूच होते.